रेस फिटिंगच्या नावाखाली बोअरिंगवाल्याने घातलेली टोपी

आरएक्स 100 बाइकचा बॅरल (ज्यात पिस्टन वरखाली होतो तो सिलिंडर) कोणी बोअरिंगला, म्हणजे आतून कापून मोठा करायला, देणार असाल तर आधी हे वाचा, माझे 4,200 गेले आणि ट्रॅकवर आपटलो ते वेगळंच.

डर्ट ट्रॅकसाठी बॅरल प्लस 25, म्हणजे पाव मिलिमीटर मोठा, करायचा होता. दुकानदार म्हणाला, दादा साधं फिटिंग करू का रेसचं, रेसचे बाराशे जास्त, त्यात होनिंग (दगडाने आतून शेवटचं बारीक घासणं) आलं. म्हटलं करा. बॅरल हातात आला तर तोंडाशी आरशासारखा चकचकीत, मी पण येड्यासारखा खूश. पिस्टनला वर्नियर लावून दाखवला, तोही डोक्याशी! तिथेच शंका यायला हवी होती. पिस्टन दिसतो गोल पण असतो किंचित अंडाकृती आणि डोक्याकडे बारीक, माप घ्यायचं खाली स्कर्टला (पिस्टनचा खालचा घेर), आडव्या पिनच्या काटकोनात, मायक्रोमीटरने. पिस्टन आणि बॅरलमध्ये गॅप हवा जेमतेम 4 शतांश मिलिमीटर आणि साध्या वर्नियरवर वाचताच येतात 2 शतांश, कळणार काय कपाळ.

रनिंग नीट काढलं, म्हणजे सुरुवातीला हळू चालवून पिस्टन बसू दिला. मग प्रॅक्टिसला थर्डमध्ये फुल पिळला आणि मागचं चाक जाम, क्लच दाबेपर्यंत मी मातीत. उघडलं तर पिस्टनवर चार कोपऱ्यांत उभे ओरखडे. पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम तापलं की बॅरलच्या बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, जागाच नाही तर जाणार कुठे. (ढिलं ठेवलं तरी बोंबच, कॉम्प्रेशन जातं, पिस्टन खडखडतो, मुळात 11 हॉर्सपॉवर, त्यातली घालवायची किती.)

टूलरूमवाल्या मित्राने बोअर गेज (आतला व्यास मोजायचं साधन) घातला. पिस्टन 50.24, बोअर तोंडाशी 50.29 आणि खाली 50.25! होनिंगच्या तिरक्या फुल्यांसारख्या रेघा असतात ना, ज्यात ऑइल टिकतं, त्या कुठेच नाहीत, खाली नख फिरवलं तर टूलच्या रेघा आट्यांसारख्या लागतात. म्हणजे होनिंगसाठी बोअर करताना जे 3-4 शतांश मागे ठेवतात ते काढलेच नाहीत, ड्रिलला पॉलिश पेपर गुंडाळून गिऱ्हाइकाला दिसेल तेवढं तोंड चमकवलं, बाराशे खिशात.

भांडायला गेलो तर म्हणे तुम्ही ऑइल कमी टाकलं असणार. गेज कुठाय विचारलं तर, "आमचा हातच गेज आहे."

आता प्लस 50 दुसरीकडे केलाय. वर, मधे, खाली, प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं माप माझ्यासमोर घ्यायला लावलं, सगळीकडे पिस्टनपेक्षा 4 शतांश जास्त आलं, तेव्हाच पैसे काढले. होनिंगचे घेतले साडेतीनशे.