महामार्गालगतचं स्क्रॅप यार्ड: फरशी आणि गटार चोख, एसीच्या गॅसबाबत ढिलाई

मुंबई-गोवा महामार्गाला लागून, रायगडच्या हद्दीतल्या, जुन्या गाड्या मोडीत काढणाऱ्या एका नोंदणीकृत स्क्रॅप यार्डाबद्दलचा हा अभिप्राय. नाव मुद्दाम दिलेलं नाही.

कोकणात यार्ड बघायचं तर भावाआधी जमीन बघावी. जांभा सच्छिद्र. त्यावर सांडलेलं काळं ऑइल जिरतं आणि पावसाळ्यात खालच्या अंगाच्या विहिरीपर्यंत पोचतं. इथे गाडी उघडायची सगळी जागा पत्र्याच्या शेडखाली आहे, खाली काँक्रीट, कडेने वीतभर कठडा. छपराचं पाणी पन्हळीतून वेगळं बाहेर काढलंय, ते आतल्या पाण्यात मिसळत नाही. ही पन्हळच खरी मेख आहे. उघड्या 1000 चौरस मीटरवर दिवसात 100 मिलिमीटर पाऊस पडला की 1 लाख लिटर पाणी होतं, आणि जुलैत असा दिवस उजाडला तर इथे कुणाला नवल वाटत नाही. एवढं पाणी ऑइल वेगळं करायच्या टाकीत शिरलं तर टाकीचा वहाळ होतो. तरंगणारं ऑइल आणि तळाचा गाळ दोन्ही ढवळून बाहेर जातात.

टाकी तीन कप्प्यांची आहे. पहिल्यात माती नि लोखंडाचा चुरा बसतो. पुढच्या कप्प्यात जायला तोंड खाली वळवलेला पाइप, त्यामुळे खालचं पाणी पुढे सरकतं आणि ऑइल वर अडकतं. तिसऱ्या कप्प्यातलं पाणी बादलीत काढलं तर वर रंगीत तवंग दिसायला नको. इथे दिसला नाही. डोळ्यांना दिसलं नाही म्हणजे पाणी पास झालं असं मात्र नाही. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात तेल-ग्रीसची सर्वसाधारण मर्यादा लिटरला 10 मिलिग्रॅम आहे, ती प्रयोगशाळेतच कळते. त्याचे रिपोर्ट फाइलला लावलेले होते.

ही टाकी बाद करायला मूठभर साबणाची पावडर पुरते. इंजिन पावडरीने धुतलं की ऑइलचे बारीक थेंब पाण्यात मिसळून राहतात, पाणी दुधाळ होतं आणि तिन्ही कप्पे बिनबोभाट पार करतं. म्हणून इथे धुलाईच नाही. सांडलेल्यावर भुसा टाकतात, झाडून घेतात आणि तो तेलकट भुसाही घातक कचरा म्हणून झाकणाच्या पिंपात भरतात. मार्क द्यायचे तर इथे पैकीच्या पैकी.

कामाचा क्रम बरोबर आहे. आधी बॅटरी, तीही निगेटिव्ह टर्मिनलपासून. मग थोडा वेळ थांबून एअरबॅग, कारण बॅटरी काढली तरी कंट्रोल युनिटमध्ये काही मिनिटं चार्ज उरतो. त्यानंतर पेट्रोल-डिझेल, इंजिन ऑइल, गिअर ऑइल, कुलंट, ब्रेक ऑइल. एवढं होईपर्यंत गॅस कटर गाडीजवळ येत नाही. छोट्या हॅचबॅकमधून इंजिन ऑइल 3 लिटरच्या आसपास निघतं. पण इंजिन बंद पडलेलं असेल तर थंड ऑइल घट्ट असतं, पाच मिनिटांत ऑइल सोडायचा प्लग परत लावून टाकला तर बरंच आत राहतं आणि पुढे गाडी प्रेसमध्ये दाबताना फरशीवर येतं. इथे निथळायला अर्धा तास देतात. फिल्टरला भोक पाडून तो उलटा टांगून ठेवतात. कुलंटचं पिंप झाकलेलं. कुलंटमधलं ग्लायकॉल गोड असतं, कुत्री चाटतात आणि मरतात.

खाऱ्या हवेतल्या गाड्यांचा सिल पॅनल, म्हणजे दारांखालचा पत्रा, गंजलेला असतो. तिथे जॅक लावला तर पत्रा आत जातो आणि गाडी खाली बसते. इथे फोर्कलिफ्टने उचलून स्टँडवर घेतात.

सीएनजी रिक्षांचे सिलिंडर उघड्यावर रिकामे करून, पाणी भरून मग कापतात. वॉल्व्ह काढून अख्खा सिलिंडर बाहेर विकला जात नाही, हे महत्त्वाचं.

आता उणी बाजू. एसीचा गॅस खेचायचं मशीन आहे, पण त्याच्यावर धूळ बसलेली. गर्दीच्या वेळी एसीची नळी सरळ कापतात आणि गॅस हवेत जातो. एका गाडीत आर-134ए हा एसीचा गॅस अर्धा किलोच्या आतबाहेर असतो, पण हवा तापवण्यात तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त भारी. हा आळस माफ करण्यासारखा नाही.

दुसरी खोट पिंपांची. काळ्या ऑइलची 200 लिटरची लोखंडी पिंपं थेट फरशीवर ठेवलीत. खाऱ्या दमट हवेत ती बुडापासून सडतात. लाकडी पॅलेटवर ठेवावीत किंवा प्लॅस्टिकची वापरावीत, आणि भोवतीचा कठडा निदान सर्वांत मोठ्या पिंपाच्या 110 टक्के, म्हणजे 220 लिटर मावेल इतका हवा. इथला कठडा तेवढा नाही. साठा मात्र 90 दिवसांच्या आत हलतो, फॉर्म 10 ची मॅनिफेस्ट फाइल, म्हणजे घातक कचरा पाठवल्याच्या नोंदी, तारखेवार आहे. वाळवीसाठी लाकडाला लावायला कॅनभर ऑइल मागणारे येतात, त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवतात. गावात यावरून नाराजी आहे, असू दे.

कागदपत्रांत वेळ जातो, पण कामं नीट होतात. गाडीवरचं कर्ज आरसीतून उतरवलेलं हवं, नंबर चोरीच्या गाड्यांच्या यादीशी ताडून बघतात. गाडी दिल्यावर सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी जमा केल्याचा दाखला, मिळतं. नवी खासगी गाडी घेताना रोड टॅक्समध्ये केंद्राच्या नियमानुसार 25 टक्क्यांपर्यंत, व्यावसायिक गाडीला 15 टक्क्यांपर्यंत सवलत त्यावरच मिळते, राज्याचा दर आरटीओत विचारावा. चासी नंबरचा कापलेला तुकडा यार्डाने सहा महिने जपून ठेवायचा असतो. इथे तो गाडीच्या नंबराचं लेबल लावून कपाटात असतो, मागितला तर दाखवतात.

1 एप्रिल 2025 पासून लागू झालेल्या नियमांनुसार आयुष्य संपलेली गाडी 180 दिवसांत जमा करायची असते. शेतीचे ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर त्यातून वगळलेत. भाव वजनावर ठरतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा सायलेन्सरकडचा भाग) किंवा बॅटरी आधीच काढून गाडी नेली तर पैसे कापतात, मग घासाघीस करून उपयोग नाही. शक्यतो आगोटीच्या, म्हणजे पावसाळा लागायच्या, आधी गाडी द्या. मे सरता सरता शेड भरतं आणि उशिरा आलेल्या गाड्या काही दिवस बाहेर मातीवर उभ्या राहतात.