पुराचा नकाशा वेबवर टाकायचाय: लीफलेट, ओपनलेयर्स की मॅपलिब्रे?

जून उजाडला की कोल्हापुरात कुणी ना कुणी पंचगंगेचा नकाशा वेबसाइटवर टाकायला घेतं. कधी तालमीतली पोरं, कधी इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, कधी एखादी स्वयंसेवी संस्था. सगळ्यांना साधारण तेच दाखवायचं असतं. राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला पोचलं का, ४३ फुटांची धोका पातळी किती दूर आहे, चिखली-आंबेवाडीकडं जाता येतंय का, शिरोळ तालुक्यात पाणी कुठवर चढलंय, जवळचं निवारा केंद्र कुठलं. मग गाडी एका प्रश्नावर अडते: नकाशा दाखवणारी जावास्क्रिप्टची कुठली लायब्ररी (तयार कोडचा संच) घ्यायची?

बहुतेक तुलना वेग आणि फाइलचा आकार यातच रेंगाळतात. आपल्या कामात निवड ठरते ती दुसऱ्याच दोन गोष्टींवर, असं माझं ठाम मत आहे. नकाशावर बोट टेकलं की तो क्लिक कुणाकडे जातो, आणि गावाचं नाव देवनागरीत धड उमटतं का. या दोन कसोट्यांवर बहुतेकांसाठी लीफलेट पुरेसं आहे. मोजणीचे किंवा सरकारी थर (नकाशावर चढवायची माहिती) जोडायचे असतील तर ओपनलेयर्स. मॅपलिब्रे दिसायला सगळ्यांत देखणं, पण मराठी नावांच्या बाबतीत ते घेण्याआधी दोनदा विचार करा.

क्लिक कुणाचा?

समजा नकाशावर पूरक्षेत्राचे निळे पॉलिगॉन (बंदिस्त आकृत्या) आहेत, गावांचे मार्कर आहेत, आणि रिकाम्या जागी बोट टेकलं की ‘इथं रस्ता बंद आहे’ अशी नोंद करणारी पिन पडते. पॉलिगॉनवर बोट ठेवलं तर बाजूच्या पट्टीत त्या भागाची माहिती यावी, नवी पिन पडू नये. अपेक्षा एवढीच. पण तिन्ही लायब्ररींत ती पुरी करायची वाट निराळी आहे.

लीफलेटमध्ये प्रत्येक वस्तूला तिचे स्वतःचे इव्हेंट (क्लिकसारख्या घटना) असतात. मार्करला क्लिक लावा, पॉलिगॉनला लावा, नकाशाला लावा. वाचायला सोपं, शिकवायलाही सोपं. खाच अशी, की मार्करवरचा क्लिक नकाशापर्यंत जात नाही, पण पॉलिगॉनवरचा जातो. ‘बबलिंग-माउस-इव्हेंट्स’ हा पर्याय मार्करसाठी मुळात बंद असतो, आकृत्यांसाठी चालू. म्हणून पूरक्षेत्रावर बोट ठेवलं की पट्टीत माहितीही येते आणि खाली नको असलेली पिनही पडते. गंमत म्हणजे ‘बाइंड-पॉपअप’ वापरलं असेल तर लीफलेट स्वतःच क्लिक तिथं अडवतं. त्यामुळं पॉपअप असेपर्यंत सगळं ठीक चालतं, आणि पॉपअप काढून स्वतःचं फंक्शन लावलं की त्याच दिवशी पिना पडायला लागतात. उपाय एका ओळीचा आहे: पॉलिगॉन तयार करतानाच तो पर्याय बंद करा. नकाशावर स्वतः केलेली बटणांची पेटी ठेवली असेल तर तिला ‘डिसेबल-क्लिक-प्रोपगेशन’ लावा, पेटीत लांब यादी असेल तर ‘डिसेबल-स्क्रोल-प्रोपगेशन’ही. नाहीतर यादी सरकवायला गेलेल्या माणसाचा नकाशा झूम होतो.

ओपनलेयर्स उलट्या दिशेनं विचार करतं. तिथं आकृतीला क्लिक नसतो, क्लिक होतो तो नकाशाला. मग तुम्ही नकाशाला विचारायचं, या पिक्सेलखाली काय काय आहे? ‘फॉर-ईच-फीचर-अ‍ॅट-पिक्सेल’ वरून खालपर्यंत एकेक आकृती हातात देतं, हवी ती मिळाली की ‘ट्रू’ परत करून थांबायचं. काहीच मिळालं नाही तर पिन टाकायची. सुरुवातीला हे द्राविडी प्राणायाम वाटतं, पण सगळा निर्णय एका फंक्शनमध्ये राहतो, आणि थर वाढत गेले की ही शिस्त फार कामाला येते. दोन बारकावे मात्र पक्के ध्यानात ठेवा. ‘क्लिक’ लगेच येतो, ‘सिंगल-क्लिक’ मात्र दुसरा टॅप होतोय का हे बघत २५० मिलिसेकंद थांबतो. पिन टाकायला ‘सिंगल-क्लिक’च वापरा, नाहीतर झूम करायला दोनदा टॅप करणाऱ्याच्या नावावर दोन पिना जमा होतील. आणि ‘हिट-टॉलरन्स’ मुळात शून्य असतो. माउसला ते चालतं, पावसात भिजलेल्या अंगठ्याला चालत नाही. पाच ते दहा पिक्सेल द्या.

मॅपलिब्रे मधला मार्ग धरतं: क्लिक थराच्या नावावर लावायचा. ‘गावे’ थरावर एक फंक्शन, ‘पूरक्षेत्र’ थरावर दुसरं, नकाशावर तिसरं. पण एकाच ठिकाणी तिन्ही असतील तर तिन्ही फंक्शनं चालतात, एक थर दुसऱ्याला अडवत नाही. रीत अशी, की गावाच्या फंक्शनमध्ये ‘प्रिव्हेंट-डिफॉल्ट’ करायचं आणि बाकीच्यांनी आधी ‘डिफॉल्ट-प्रिव्हेंटेड’ तपासून गप्प बसायचं. त्यासाठी फंक्शनं लावण्याचा क्रम सांभाळावा लागतो. चार जण मिळून काम करत असतील तर हा क्रम कुणाकडून तरी मोडतोच.

आणखी एक अडचण फक्त शेजारी-शेजारी आकृत्या असल्या की दिसते. महानगरपालिकेचे प्रभाग घ्या. मॅपलिब्रेत ‘माउस-एंटर’ हा थरात शिरताना येतो, प्रत्येक प्रभागात शिरताना नाही. शिवाजी पेठेतून मंगळवार पेठेत बाण सरकवला तरी थर तोच, म्हणून रंग मागच्याच प्रभागावर अडकून राहतो. इथं ‘माउस-मूव्ह’ घ्यायचा, आकृतीचा आयडी बदलला का ते बघायचं आणि ‘फीचर-स्टेट’ (त्या आकृतीची तात्पुरती अवस्था) बदलायचा. त्यासाठी डेटात आयडी लागतो. नसेल तर सोर्सला, म्हणजे डेटा जिथून येतो त्याला, ‘जनरेट-आयडी’ सांगा.

देवनागरीचा प्रश्न

मराठी साइट करणाऱ्यानं खरं तर इथूनच सुरुवात करावी.

लीफलेटमधलं टूलटिप किंवा पॉपअप म्हणजे साधं एचटीएमएल. अक्षरं जोडण्याचं काम ब्राउझर करतो. ‘नृसिंहवाडी’तला ऋकार, ‘शिरोळ’चा ऱ्हस्व इकार, ‘कोल्हापूर’मधलं जोडाक्षर, सगळं जागच्या जागी. ओपनलेयर्स नावं कॅनव्हासवर (ब्राउझरमधल्या चित्राच्या पाटीवर) लिहितं, पण ते लिहिणंही ब्राउझरच्याच हातून होतं, त्यामुळं आडव्या नावांत तिथंही चिंता नाही. वर ‘डिक्लटर’ चालू केलं की एकमेकांवर चढणारी नावं आपोआप गाळली जातात. करवीर आणि पन्हाळ्यासारख्या दाट गावांच्या पट्ट्यात ही सोय मोलाची आहे.

मॅपलिब्रेचं तसं नाही. ते वेबजीएलवर (ग्राफिक्स चिपकडून चित्र काढून घेण्याची ब्राउझरची सोय) चालतं आणि अक्षरांची चित्रं सर्व्हरवरच्या ग्लिफ फाइलींतून एकेक करून उचलतं. रोमन लिपीला हे पुरतं. देवनागरीत मात्र अक्षरं एकमेकांत मिसळतात, इकार बोलताना व्यंजनानंतर येतो पण लिहिताना आधी लागतो. ही जुळणी न होता नाव उमटलं की ‘शिरोळ’चा इकार ‘श’च्या उजवीकडं जाऊन बसतो आणि ‘कोल्हापूर’च्या ‘ल’खाली हलन्त उघडा पडतो. पूरग्रस्त गावातल्या आजोबांना आपल्या गावाचं नाव असं मोडकं दिसावं हे मला अजिबात पटत नाही. अडचणीत सापडलेला माणूस ज्या नकाशावर भरवसा ठेवणार, त्यावर त्याचं गाव नीट लिहिलेलं असलंच पाहिजे.

मॅपलिब्रेच घ्यायचं असेल तर दोन वाटा आहेत. गावं थोडी असतील तर नावं एचटीएमएल मार्कर म्हणून टाका. शे-दोनशेपर्यंत फोन ते सहन करतो. जास्त असतील तर प्रत्येक नाव आधी लपवलेल्या कॅनव्हासवर लिहून घ्या, त्याचं चित्र ‘अ‍ॅड-इमेज’नं नकाशाला द्या आणि आयकॉन म्हणून वापरा. अक्षरं ब्राउझरनं जुळवलेली, हलवण्याचं काम वेबजीएलचं. निवड करण्याआधी तुमच्या आवृत्तीत ‘नृसिंहवाडी’, ‘शिरोळ’, ‘पन्हाळा’, ‘हुपरी’ आणि ‘गडहिंग्लज’ ही पाच नावं छापून बघा. पाच मिनिटांत निकाल लागतो.

करडा चौकोन आणि हरवलेलं कोल्हापूर

नकाशा दिसतच नाही ही तक्रार तिन्हींत येते आणि पहिलं कारण बहुधा तेच: डिव्हला (पानावरच्या नकाशाच्या चौकटीला) उंची दिलेली नसते. दुसरं कारण, लायब्ररीची सीएसएस (मांडणीची) फाइल जोडायची राहिली. लीफलेटमध्ये त्यामुळं टाइल (नकाशाचे चौकोनी तुकडे) पानभर विखुरतात, मॅपलिब्रेत मार्कर आणि पॉपअप भलतीकडं जातात.

लीफलेटचा खास त्रास म्हणजे टॅबमधला नकाशा. ‘पातळी’, ‘रस्ते’, ‘निवारा’ असे टॅब केले आणि नकाशा झाकलेल्या टॅबमध्ये तयार झाला, तर त्या क्षणी त्याचा आकार शून्य असतो. टॅब उघडला की कोपऱ्यात दोन टाइल आणि बाकी करडा चौकोन. लीफलेट खिडकीचा आकार बदलल्याचं ओळखतं, डिव्हचा बदलल्याचं नाही. टॅब उघडल्यावर ‘इनव्हॅलिडेट-साइझ’ म्हणा, विषय संपला. ओपनलेयर्स आणि मॅपलिब्रेच्या अलीकडच्या आवृत्त्या डिव्हवर स्वतःच लक्ष ठेवतात. इथं त्या सरस आहेत, हे मान्यच.

अक्षांश-रेखांशाच्या क्रमाकडं नीट लक्ष द्या. कोल्हापूर साधारण १६.७० उत्तर, ७४.२४ पूर्व. लीफलेटला अक्षांश आधी लागतो. जिओजेसन (नकाशाचा डेटा साठवायची पद्धत), मॅपलिब्रे आणि ओपनलेयर्सला रेखांश आधी. उलट दिलं तर कोल्हापूर थेट नॉर्वेच्या उत्तरेला, आर्क्टिकच्या समुद्रात जाऊन पडतं. कन्सोलमध्ये एरर येत नाही, कारण ७४ हा आकडाही अक्षांश म्हणून वैध आहे. हेच गुवाहाटीला झालं असतं तर ९१ हा अक्षांश असू शकत नाही म्हणून मॅपलिब्रेनं तिथंच तक्रार केली असती. ओपनलेयर्समध्ये क्रम बरोबर असूनही अंशांचे मीटर करून देणारं ‘फ्रॉम-लॉन-लॅट’ विसरलं तर अंश मीटर समजले जातात आणि पिन आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात उभी राहते. पिन कुठल्या समुद्रात आहे यावरून चूक कुठली ते लगेच कळतं.

सरकारी थर, फोन आणि उरलेलं

इस्रोच्या भुवन या नकाशा-साइटवरचे डब्ल्यूएमएस थर (सर्व्हर चित्र म्हणून देतो ते) किंवा यूटीएम ४३ उत्तर या मीटरमधल्या पद्धतीतला मोजणीचा डेटा जोडायचा असेल तर वेळ न घालवता ओपनलेयर्स घ्या. डब्ल्यूएमएसची टाइल लीफलेटही दाखवतं, पण प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट मांडायची पद्धत) बदलणं आणि डब्ल्यूएफएस (चित्राऐवजी आकृत्यांचा डेटाच देणारी सेवा) त्याच्या मुळात नाही, प्लगइन शोधत बसावं लागतं. हजारो गट नंबरांच्या सीमाही ओपनलेयर्स कॅनव्हासवर निमूट काढतं. लीफलेट मुळात प्रत्येक आकृतीला एक एसव्हीजी (रेषाचित्राचा) घटक बनवतं. ‘प्रिफर-कॅनव्हास’ लावून बराच भार उतरतो, पण त्यालाही मर्यादा आहे.

पातळीचा डेटा नकाशा सरकवला की पुन्हा मागवायचा असेल तर तो ‘मूव्ह’वर मागवू नका, ‘मूव्ह-एंड’वर मागवा. ‘मूव्ह’ बोट फिरेल तितक्या वेळा येतो, आणि पुराच्या दिवसांत मोबाइलचं नेटवर्क आधीच मेटाकुटीला आलेलं असतं. ‘मूव्ह-एंड’ हे नाव तिन्हींत तेच आहे.

पान खाली सरकवताना बोट नकाशात अडकतं, हेही फोनवर नेहमीचं. मॅपलिब्रेत ‘को-ऑपरेटिव्ह-जेस्चर्स’ चालू केलं की नकाशा दोन बोटांनीच हलतो. लीफलेटला त्यासाठी प्लगइन लागतं. ओपनस्ट्रीटमॅपच्या टाइल वापरणार असाल तर श्रेय दाखवणं बंधनकारक आहे, आणि मोठ्या वर्दळीसाठी ते सर्व्हर नाहीत. लोकांचा लोंढा येणार असेल तर टाइलची वेगळी व्यवस्था आधीच करा. शिवाय ‘मिन-झूम’ आणि ‘मॅक्स-बाउंड्स’ लावून नकाशा जिल्ह्यापुरता ठेवा. देशाच्या सीमेची रेषा प्रत्येक टाइलवाल्याकडे निराळी असते, आणि पुराच्या साइटवर तो वाद नको.

गूगल मॅप्सबद्दल लोक विचारतात. भाषा ‘एमआर’ दिली की पाटीपासून बटणापर्यंत मराठी येतं, मार्गदर्शन आणि वाहतूक तिथंच. पण बिलिंग खातं लागतं, एपीआय की (वापराची किल्ली) कुठल्या साइटवर चालेल ते बांधून घ्यावं लागतं, आणि खात्यात गडबड झाली की नकाशावर ‘केवळ डेव्हलपमेंटसाठी’ असा इंग्रजी शिक्का उमटतो. ऐन पुरात तो उमटणं परवडणारं नाही. वर्गणीतून चालणाऱ्या साइटला मी गूगल सुचवत नाही.

लीफलेट ठरलं तर आवृत्तीचं एवढं बघा. २.० ची पहिली अल्फा (चाचणी आवृत्ती) २०२५ मध्ये आली, त्यात जागतिक ‘एल’ (लीफलेटचं सगळं ज्या नावाखाली मिळायचं ते) काढून टाकलाय आणि माउस-टचऐवजी पॉइंटर इव्हेंट आलेत. मार्करक्लस्टरसारखी (मार्करचे गट करणारी) जुनी प्लगइनं मात्र आधीच्या १ च्या मालिकेवर बेतलेली आहेत. येत्या पावसाळ्यात नकाशा उभा करायचा असेल तर १.९.४ घ्या आणि मे महिन्यातच एखाद्या स्वस्त अँड्रॉइड फोनवर, मोबाइल डेटावर, उन्हात उभं राहून तो वापरून बघा.