झिफरब्लाटचं ‘बर्ड ऑफ प्रे’: आधी हेडफोन, मग बाझल

कागदावर हा युक्रेनी बँड तिघांचा. पण ऐकताना कान जातो तो लेश्चिन्स्की या जुळ्या भावांकडे. डॅनियल गातो, व्हॅलेंतिन गिटार वाजवतो आणि मागून गातो, ड्रमवर फेदिर खोदाकोव. झिफरब्लाट म्हणजे घड्याळाची तबकडी, आणि काटे यांनी थेट सत्तरच्या दशकावर नेऊन ठेवलेत: प्रोग्रेसिव्ह रॉकची, म्हणजे ऐसपैस, सतत रंग बदलणाऱ्या रॉकची वळणं, पण गुणगुणता येईल असं पॉप.

२०२४ च्या राष्ट्रीय निवडफेरीत त्यांना जे जमलं नाही, ते २०२५ मध्ये या गाण्याने जमवलं आणि युक्रेनतर्फे ते स्वित्झर्लंडच्या बाझलला, युरोव्हिजन या देशोदेशींच्या गाण्यांच्या स्पर्धेला गेले. नावात इंग्रजी श्लेष आहे: शिकारी पक्षी नव्हे, प्रार्थनेचा पक्षी. इंग्रजीत त्यासाठी एक अक्षर बदलावं लागतं, देवनागरीत दोन्हींचं स्पेलिंग एकच!

पहिल्यांदा ऐकायचं ते स्टुडिओतलं गाणं, तेही हेडफोन लावून. इथे आवाजांचे थर डावी-उजवीकडे पसरलेले असतात. मोबाईलच्या किंवा छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर दोन्ही बाजू एकत्र मिसळतात, काही थर एकमेकांना खाऊन टाकतात आणि कोरस पातळ वाटतो. दोष गायकाला देऊन मोकळे होऊ नका. दुसऱ्या वेळी मुख्य सूर सोडून द्या आणि त्याच्यामागच्या आवाजांवरच लक्ष ठेवा.

भावंडांचे आवाज मिसळतात त्याला कारण आहे. घशाची-तोंडाची ठेवण मिळतीजुळती, स्वर उच्चारायची लकब एकाच घरातली. ‘आ’ दोघांचा सारखाच उघडतो, म्हणून दोन सूर चिकटून एकच वाटतात. हाच धोकाही असतो. आवाज फारच सारखे असले की मुख्य सूर कोणता तेच कळेनासं होतं. मग मिक्सिंगमध्ये एकाला मागे ढकलावं लागतं. इथे डॅनियल पुढेच राहतो, वर फॉल्सेटोत, म्हणजे पातळ उंच आवाजात, चढतो तेव्हाही.

तक्रार आहे ती लांबीची. स्पर्धेत गाणं तीन मिनिटांच्या पुढे जाऊ शकत नाही, आणि प्रोग्रेसिव्हला ऐसपैस जागा लागते. रंग बदलतात, पण एक मुरायच्या आत दुसरा येतो. पाच मिनिटांत हेच गाणं कितीतरी जास्त खुललं असतं.

आता बाझलचं सादरीकरण. तिथली गिटार ऐकून वादनाला गुण देऊ नका. युरोव्हिजनमध्ये १९९८ नंतर ऑर्केस्ट्रा नाही. वाद्यं सगळी रेकॉर्डवरच असतात. २०२१ पासून मागचे आवाजही रेकॉर्ड केलेले चालतात. प्रत्यक्ष गावंच लागतं ते मुख्य गायकाला, म्हणून खरी परीक्षा डॅनियलची. कॅमेरा फिरू दे, तुम्ही डोळे मिटा आणि वरच्या सुराआधी श्वास कुठे घेतो ते ऐका.

१७ मे च्या अंतिम फेरीत २१८ गुण, नववा क्रमांक. त्यातले ज्यूरीचे ६० आणि प्रेक्षकांचे १५८, म्हणजे ज्यूरीने हात आखडता घेतला. ज्यूरी आदल्या रात्रीची रंगीत तालीम पाहून गुण देते, प्रेक्षक दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम पाहून. थोडक्यात दोघांनी वेगवेगळं सादरीकरण ऐकलेलं असतं. १३ मे च्या उपांत्य फेरीत ज्यूरीला मत नव्हतंच, ती फेरी फक्त प्रेक्षकांची. उपांत्य आणि अंतिम, दोन्ही फेऱ्यांची रेकॉर्डिंगं एकामागोमाग लावा. त्यानंतर २०२४ च्या निवडफेरीतलं त्यांचं ‘प्लेस आय कॉल होम’ लावा, आणि तेव्हाही हेडफोन काढू नका.