शिष्यवृत्ती मंजूर, पैसे दुसऱ्याच खात्यात

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत, म्हणून राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून त्याची निम्मी ट्यूशन फी मिळणार होती. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज मंजूर झाला, रक्कम जमा झाल्याचंही दिसलं. पासबुकात मात्र एक रुपया नाही, आणि कॉलेजचा फीसाठी तगादा सुरू.

अर्ज तालुक्याच्या एका नेटकॅफेवाल्याने भरला होता. "वर आपली ओळख आहे, पास करून देतो" म्हणत त्याने दाजींकडून ३ हजार घेतले. ही सरळ लूट. महाडीबीटीवर अर्जाला फी नाही. तो आधी कॉलेजचा क्लार्क तपासतो, मग संबंधित विभाग. बाहेरच्या माणसाच्या हातात त्यात काहीच नसतं.

खरा घाव पुढे होता. केवायसीच्या नावाखाली त्याने पोराचा अंगठा मशीनवर पुन्हा पुन्हा घेतला. त्यावरच एका पेमेंट बँकेत भाच्याच्या नावाने खातं उघडलं, मोबाईल नंबर स्वतःकडचा दिला आणि आधार तिथे जोडून टाकलं. शिष्यवृत्ती आधारवरून येते, अर्जात खाते क्रमांक कुठलाही लिहा. डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, एका आधारला एकच खातं चालतं, ते म्हणजे सगळ्यात शेवटी जोडलेलं. भाच्याच्या जुन्या खात्याला आधार लिंक होतंच, म्हणून घरचे निर्धास्त होते. बँकेतल्या मॅडमनी समजावलं तेव्हा कुठे उलगडा झाला.

माय-आधारच्या वेबसाइटवर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' उघडा (सीडिंग म्हणजे आधार बँक खात्याला जोडणं). पैसे कुठल्या बँकेत जाणार ते तिथे दिसतं. घरात शिकणारं पोर असेल तर आजच बघा. अनोळखी बँक दिसली तर आपल्या शाखेत सीडिंगचा फॉर्म भरून आधार परत जोडून घ्या, आणि आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे अंगठा-डोळ्यांचे ठसे, लॉक करून ठेवा. महाडीबीटीचा पासवर्ड आणि ओटीपी पोराच्याच हातात राहू द्या. मदत हवी असेल तर कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जा.

आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार दिली, पेमेंट बँकेकडे खात्याचा उतारा मागितला. पैसे तोवर काढून झाले होते. आता त्याच दुकानातून अर्ज भरलेल्या मुलांच्या घरी जाऊन आम्ही प्रत्येकाचं सीडिंग तपासून घेतोय. काहींच्या आधारलाही तीच बँक निघाली आहे, आणि त्यांची शिष्यवृत्ती अजून यायची आहे.