वरचा थर खरा होता

भांडुपला एलबीएस मार्गाच्या आतल्या एका इस्टेटमध्ये पहिल्या मजल्यावर माझा टूल ग्राइंडिंगचा गाळा आहे. ड्रिल, रीमर, बोरिंग बार, ब्रेझ केलेल्या टिपा, धार गेली की लोक माझ्याकडे आणतात. २१ वर्षं कार्बाइड, म्हणजे धातू कापणाऱ्या या हत्यारांच्या धारेला लागणारा कठीण पदार्थ, रोज हातात आहे. तरीही २३ ऑगस्ट २०२५ला, गणपतीच्या आधीच्या शनिवारी, एका माणसाने मला ७६ हजारांना फसवलं, आणि तेही कार्बाइडमध्येच. अशा गोष्टी लाजेपोटी कोणी बोलत नाही आणि तोच माणूस पुढच्या गाळ्याचा जिना चढतो. म्हणून जसं घडलं तसं सगळं लिहितोय.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांना आधी हे सांगायला हवं की कार्बाइडच्या वापरून फेकलेल्या तुकड्यांना एवढा भाव का. जुने टर्नर कार्बाइडला अजून ‘विडिया’ म्हणतात. १९२६च्या सुमारास जर्मनीत क्रुप कंपनीने ते या नावाने बाजारात आणलं. त्यांच्या भाषेतल्या ‘हिऱ्यासारखं’ या शब्दांवरून हे नाव. टंगस्टन आणि कार्बन यांच्या संयुगाची करडी पूड, तिच्यात थोडा कोबाल्ट, साच्यात दाबून १४०० अंशांच्या आसपास भट्टीत भाजायची. कोबाल्ट वितळतो आणि कण एकमेकांना धरून ठेवतो. म्हणजे घासून गेलेल्या इन्सर्टमध्येसुद्धा, हत्याराच्या टोकाला बसवायच्या छोट्या तुकड्याला इन्सर्ट म्हणतात, वजनाचा मोठा हिस्सा टंगस्टनच असतो. खाणीतून निघणाऱ्या दगडात ते बहुतेक ठिकाणी शेकडा एकसुद्धा भरत नाही. भंगार ही आमची खाणच आहे म्हणा ना.

आपल्याकडे राजस्थानात डेगाणाला खाण होती, ती कधीच बंद पडली. नागपूरजवळ कुहीच्या बाजूलाही टंगस्टनचे साठे आहेत, पण आपला माल येतो बाहेरून. जगातलं तीन चतुर्थांशाहून जास्त टंगस्टन चीनमधल्या खाणींतून निघतं, आणि फेब्रुवारी २०२५मध्ये चीनने त्याच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं. तेव्हापासून भाव चढतच गेले. जो भंगारवाला वर्षातून दोनदा यायचा तो दर पंधरवड्याला फोन करायला लागला, ‘किती जमलंय?’ भाव असा पळायला लागला की पाठोपाठ असली माणसं येतातच.

तो पहिल्यांदा आला तेव्हा पाऊस धो धो पडत होता. चाळिशीचा, साधा, हातात प्लॅस्टिकची पिशवी. अंबरनाथला एक कारखाना बंद पडला, तिथल्या स्टोअरचा माल आपल्याकडे आलाय, म्हणाला. पिशवीतून दहा-बारा इन्सर्ट काढून टेबलावर ठेवले. मी कानशीने ओरखडा काढून पाहिला, कानस घसरली. हिरव्या चाकावर टेकवला, ठिणगी आखूड आणि तांबूस. शंभर टक्के कार्बाइड. मग त्याने स्वतःच खिशातून लोहचुंबक काढला.

‘‘शेठ, बघा, हलकं चिकटतं. आतमध्ये कोबाल्ट असतो ना.’’

हे अगदी खरं आहे. कार्बाइडला चुंबक हळूच धरतो तो कोबाल्टमुळेच. नवख्या माणसाला हे माहीत नसतं, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास बसला. पुढे बोलता बोलता तो गुहागरच्या बाजूचा निघाला. मी संगमेश्वरचा. चहा मागवला.

शनिवारी संध्याकाळी साडेसातला तो माल घेऊन आला. माझी दोन्ही मुलं, म्हणजे कामगार, सहालाच गेली होती. दोन्ही हातांत एकेक कॅन घेऊन तो जिना चढून वर आला. तेलाचे पाच लिटरचे कॅन, तोंड कापून मोठं केलेलं, कडी शाबूत. वरपर्यंत भरलेले, तेलकट, वर पिवळ्या कोटिंगचे इन्सर्ट चमकत होते. काट्यावर ठेवले. एक २० किलो, दुसराही २०. भाव १,९०० ठरला होता, बाजारापेक्षा किलोमागे ३०० कमी. वरून मूठभर घेऊन मी तपासले. खरे निघाले. कॅन उपडे करावेत असं मनात आलं होतं, पण तेल सांडलं असतं आणि तो घाईत होता. रात्रीच्या गाडीने गावी निघायचंय, गणपती आणायचाय, पैसे रोख द्या, यूपीआय नको, खात्यात गेले तर बँक हप्ता कापून घेईल. हे कारण मला पटलं. गणपतीला गावी जाणाऱ्या माणसाची घाई आम्हा कोकणातल्यांना कोणी समजावून सांगावी लागत नाही, आणि त्याने नेमका तोच धागा धरला. कपाटातले ७६ हजार मोजून दिले. त्यातले ३० हजार नवीन डायमंड व्हीलसाठी बाजूला काढलेले होते.

गणपती उरकून सप्टेंबरात कॅन वसईच्या एका व्यापाऱ्याकडे नेले. त्याने ताडपत्री पसरली आणि दोन्ही उपडे केले. मी पाहतच राहिलो. वरचा चार बोटांचा थर सोडला तर खाली वेगळाच माल होता. आकार तोच, भोक तेच, कोटिंगही तसंच. त्याने एक्सआरएफ गन लावली, मालात कुठले धातू आहेत ते दाखवणारी. पडद्यावर टंगस्टन नावाला, टायटॅनियमच टायटॅनियम. तळाला तर चक्क लोखंडाचे कापलेले तुकडे होते, ग्रीसमध्ये लडबडलेले. निवडून झाल्यावर हिशेब असा निघाला: ११ किलो कार्बाइड, २० किलो सर्मेट, ९ किलो लोखंड. कार्बाइडचे २४,२०० हातात आले. बाकीचं त्याने घ्यायलाच नकार दिला.

सर्मेट म्हणजे टायटॅनियमच्या संयुगाचे इन्सर्ट. ते नकली नव्हेत, फिनिशिंगला चांगले चालतात, पण त्यात टंगस्टन थोडंच. आणि भंगाराच्या माणसाला ते नको असतात, कारण कार्बाइड परत मिळवण्याची एक पद्धत अशी आहे की भंगार वितळलेल्या जस्तात सोडतात. जस्त कोबाल्टमध्ये शिरतं, तुकडा फुगून ठिसूळ होतो, मग जस्त उडवून लावलं की कार्बाइडची पूड उरते. जे आत घातलं तेच बाहेर येतं. त्यात सर्मेट मिसळलं की सगळा घाणा बिघडला.

फसवणूक कुठे होती ते मला घरी आल्यावर कळलं. सर्मेटवर कानस चालत नाही. चुंबक त्यालाही हलकाच धरतो, कारण कण बांधायला त्यातही निकेल-कोबाल्टच असतो. म्हणजे ज्या दोन कसोट्यांवर मी माझी २१ वर्षं पणाला लावली होती, त्या दोन्हीत तो माल पास झाला असता, अगदी मधला तुकडा काढून पाहिला असता तरी. काटाही खोटा नव्हता. ४० किलो ते ४० किलोच. किलोवर पैसे मोजतो तेव्हा वजन बरोबर आलं की आपलं मन निश्चिंत होतं, आणि तिथेच मी सापडलो.

खोटं पडलं असतं ते फक्त आकारमानात. तेव्हापासून मी जे करतो ते सांगतो, याला दमडी लागत नाही. सोनाराचा छोटा काटा घ्यायचा, ०.१ ग्रॅम दाखवणारा. एका मापाचे दहा इन्सर्ट रॉकेलने धुऊन, पुसून तोलायचे. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करायचा, इन्सर्ट दोऱ्यात ओवून पाण्यात अधांतरी सोडायचे, तळाला टेकू द्यायचे नाहीत. जो आकडा येईल त्याने कोरड्या वजनाला भागायचं. माझ्या त्या मालातले खरे दहा कोरडे भरले १०१.४ ग्रॅम, पाण्यात आकडा ६.९. भागाकार १४.७. सर्मेटचे दहा कोरडे ४७ ग्रॅम, पाण्यात पुन्हा तेच ६.९, कारण माप तेच. भागाकार ६.८. लोखंडाचा ७.८च्या आसपास येतो. कटिंगच्या बहुतेक कार्बाइडचा १४ ते १५ यायला हवा. थोडा खाली आला तर ग्रेड वेगळी असू शकते, सातावर आला तर माल परत.

आणि जे मला काट्याशिवाय, पेल्याशिवाय दिसायला हवं होतं ते हे: ४० किलो कार्बाइड पाच लिटरच्या एकाच कॅनमध्ये जवळपास मावतं. दोन कॅन काठोकाठ भरले असते तर वजन ७०च्या वर गेलं असतं आणि ते दोन हातांत घेऊन तो जिना चढला नसता. हे मी त्या रात्री झोपेतून उठून कागदावर मांडलं.

माझा मेव्हणा झवेरी बाजारात कामाला आहे. त्याला हा पाण्याचा प्रयोग फार आवडला, बिस्किटांवर करून बघतो म्हणाला. त्याला मी लगेच थांबवलं. सोन्याची घनता १९.३ आणि शुद्ध टंगस्टनची १९.२५. सोन्याच्या आत टंगस्टन भरलेलं असेल तर पाणी काही सांगणार नाही, तिथे अल्ट्रासॉनिक लावा नाहीतर कापून बघा. माझी पद्धत कार्बाइडपुरतीच.

पोलिसांत गेलो. बिल नाही, चलन नाही, नाव सांगितलेलं तेवढंच, फोन बंद. अर्ज घेतला. ‘‘हा माल चोरीचा निघाला असता तर तुम्ही काय दाखवलं असतं?’’ असं तिथल्या साहेबांनी विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारखान्यांच्या स्टोअरमधून इन्सर्टच्या चोऱ्या होतात हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. खरा माल मिळाला असता तर मी कदाचित त्याहून मोठ्या भानगडीत असतो. आता बिलाशिवाय तुकडाही घेत नाही.

नोव्हेंबरात वागळे इस्टेटमधल्या ओळखीच्या पोराचा फोन आला. ‘‘दादा, अंबरनाथचा माल आहे म्हणतोय, दोन कॅन. घेऊ का?’’ मी म्हटलं, काही बोलू नकोस, जमिनीवर पेपर पसर आणि म्हण, आधी ओतू. फोन चालूच होता. पेपरांचा आवाज आला, मग थोडा वेळ काहीच नाही. मग तो हळू आवाजात म्हणाला, ‘‘गेला. गाडी पार्किंगला लावून येतो म्हणाला.’’

‘‘आणि कॅन?’’

‘‘घेऊन गेला ना. एकेका हातात एकेक.’’