पाइप गॅससाठी हॉब बसवून घेताय? पैसे देण्याआधी जेट बघा

किचनचं काम काढलं असेल आणि ट्रॉल्यांचं काम करणारा माणूस "हॉबपण माझ्याकडूनच घ्या, पॅकेजमध्ये बसवून देतो" म्हणत असेल (हॉब म्हणजे ओट्यात बसवायची शेगडी), तर हे वाचून मग काय ते ठरवा.

कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये बिल्डरने ओट्यात इलेक्ट्रिक हॉब बसवून दिला होता. त्यावर भाकरी फुगत नाही, वांगं भाजता येत नाही आणि पावसाळ्यात वीज गेली की चहासुद्धा बंद. सोसायटीत एमएनजीएल या गॅस कंपनीचा पाइप गॅस आला, तेव्हा ट्रॉल्यांबरोबर हॉबही बदलायचं ठरलं. कंत्राटदाराने २६ हजार सांगितले: चार इटालियन ब्रास बर्नर, ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद, जुना हॉब तो "फुकटात" उचलून नेणार.

हॉब आला तो खोक्याशिवाय. "खोकं गोडाऊनला राहिलं, वॉरंटी कार्ड पाठवतो." बसवला तर ज्योत एवढीशी. "पाइप गॅसला प्रेशरच नसतं ताई, कन्व्हर्जन किट लागेल," असं म्हणून आणखी २८०० रुपये घेतले. किट कसलं! बर्नर घेऊन गॅलरीत गेला आणि पाच मिनिटांत परत आला. त्यानंतर ज्योत मोठी झाली, पण पिवळी. कुकरची बुडं काळी व्हायला लागली.

पुढे गॅस कंपनीचा तंत्रज्ञ तपासणीला आला. त्याने बर्नर काढले आणि आधी व्हॉल्व्ह बंद केला. हॉब सिलिंडरचा होता. पाइप गॅस कमी दाबाने येतो आणि तेवढ्याच आकारमानात त्याची उष्णताही सिलिंडरच्या गॅसच्या निम्म्याहून कमी, म्हणून त्याच्या जेटचं, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या छोट्या तोटीचं, भोक मोठं लागतं. जेट बदलायचे असतात, तेही कंपनीने ठरवलेल्या मापाचे. आमच्या माणसाने जुन्याच जेटना ड्रिल मारलं होतं, चारही भोकं वेगवेगळ्या मापाची. जोडणीला साधी रबरी नळी, ट्रॉलीच्या मागे दडवलेली.

आणि तो आपोआप बंद होणारा गॅस? अशा हॉबला बर्नरशेजारी दोन काड्या असतात, एक ठिणगीची आणि एक सेन्सरची. आमच्या हॉबला एकच होती, ठिणगीची, आणि तीच दाखवून त्याने "हा सेन्सर" म्हणून सांगितलं होतं. ओळखायचं सोपं आहे. सेन्सरवाल्या हॉबचा नॉब पेटवताना काही सेकंद दाबून धरावा लागतो, लगेच सोडला तर ज्योत विझते. आमची कधीच विझली नाही. तेव्हा ते फार सोयीचं वाटायचं.

आयएसआय शिक्क्याखालचा सीएम/एल नंबर, म्हणजे उत्पादकाचा परवाना क्रमांक, मी भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर टाकला. निघाला भलत्याच कंपनीचा, भलत्याच वस्तूचा. सिलिंडरच्या शेगडीचं मानक आयएस ४२४६ आणि पाइप गॅसच्या शेगडीचं आयएस १७१५३. हा आकडा हॉबवरच छापलेला असतो, त्यामुळे दुकानात उभ्या उभ्या बघता येतो. बिलावर मॉडेल नंबर लिहून मागा. आमच्या बिलावर फक्त "किचन वर्क" होतं, आणि ते तसं का होतं ते आता कळतंय. पाइपची जोडणी गॅस कंपनीच्याच अधिकृत माणसाकडून करून घ्या, ट्रॉलीवाल्याला हात लावू देऊ नका.

जुना इलेक्ट्रिक हॉब नंतर जुन्या वस्तूंच्या ॲपवर दिसला, ११ हजारांना. काचेच्या कोपऱ्यातला टवका आमच्या खलबत्त्याचा, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. त्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढून ठेवला.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवल्यावर त्याने कन्व्हर्जनचे २८०० परत केले आणि नंतर फोन उचलणं बंद केलं. आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतोय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. कोणाकडे याच पद्धतीने बसवलेला हॉब असेल तर जेटचे फोटो काढून ठेवा आणि तपासणी होईपर्यंत तो पेटवू नका.