८ फुटी सॉफ्ट-टॉप (मऊ फोमचा सर्फबोर्ड), बरेच महिने वापरून: बोर्ड झकास, फिनच्या स्क्रूंनी डोकं उठवलं

स्पेक्स सगळ्यांना माहीत आहेत, परत टाइप करत बसत नाही. ८ फूट लांबी, ८६ लीटर व्हॉल्यूम (बोर्डचं आकारमान), माझं वजन ७४ किलो, एवढंच लक्षात ठेवा. आज लिहायला बसलोय ते फिनच्या स्क्रूंमुळे. बोर्डखाली मागे तीन फिन (दिशा धरणारे पंख) असतात, परवा चालू लाटेत त्यातला डावा गेला. सैल झाला वगैरे नाही, सरळ समुद्रात. टेल (बोर्डचं मागचं टोक) एकदम घसरली, बाहेर येऊन बोर्ड उलटा केला तर फिनच्या जागी नुसती दोन भोकं.

या बोर्डांत फिन खालून लागतो आणि स्क्रू वरून, डेकमधून (आपण उभे राहतो ती वरची बाजू) आरपार येतात. स्क्रू प्लास्टिकचे, फिनमधले आटे पण प्लास्टिकचे. वर आपली टाच पडून पडून फोम दबतो, फोम दबला की स्क्रू ढिला, ढिला म्हणून आवळा, आवळला की वॉशर अजून आत रुततो आणि एक दिवस आटे जातात. वर त्या भोकांतून पाणी आतल्या ईपीएस (थर्माकोलसारख्या फोमच्या) कोअरमध्ये शिरतं ते वेगळंच, बोर्ड हळूहळू जड होतो आणि आपल्याला वाटतं आज आपणच थकलोय. अहो, ८ फुटी बोर्डला मेटलचा इन्सर्ट द्यायला काय जातं?

सर्व्हिसवाल्यांना फोटो पाठवले. उत्तर आलं, फिन वॉरंटीत येत नाही. मग विचारतात, बोर्ड उन्हात ठेवला होता का? समुद्रावर वापरायची वस्तू आहे, उन्हात नाही तर कुठे ठेवू. (बंद गाडीत ठेवू नका हे मात्र खरंय, गरम होऊन डेकची कातडी फुगून सुटते.) एकच फिन द्या म्हटलं तर म्हणे अख्खा सेटच घ्यावा लागेल. बाहेरचा फिन बसत नाही, भोकांमधलं अंतर वेगळं. नाही घेतला सेट.

आता बोर्डबद्दल. सुरुवातीच्या काळात कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की किनाऱ्याजवळच्या फेसातला सराव संपून हिरव्या (अजून न फुटलेल्या) लाटा मिळायला लागल्या की हा काढून टाका, रेल (बोर्डची कड) जाड आहे, वळायला म्हशीसारखा सुस्त. आज असं म्हणणार नाही. मध्यंतरी एकाचा ६ फूट २ इंची घेऊन गेलो होतो, ३० लीटरच्या आसपासचा. पॅडल करताना अर्धा मी पाण्याखाली, लाटा खालून निघून जातायत, उभं राहायची वेळच येत नाही. मुरलेली माणसं वजनाच्या ४० टक्क्यांच्या आसपास लीटरवर खेळतात, शिकणाऱ्याला किलोएवढे लीटर तरी हवेत, जास्त असले तर उत्तमच. लोक लांबी बघून बोर्ड घेतात, बघायचं असतं व्हॉल्यूम आणि रुंदी. पॉप-अप (पालथं असताना झटकन उभं राहणं) लाट मिळाली तरच सुधारतो ना, आणि लाट मिळवून देतो तो हाच सुस्त बोर्ड.

तोटे आहेतच. ८६ लीटर घेऊन डक डाइव्ह (बोर्ड दाबून लाटेखालून जाणं) विसरा, फेसाची भिंत आली की टर्टल रोल, म्हणजे बोर्डसकट उलटं होऊन लाट वरून जाऊ द्यायची. लीश (पायाला बोर्ड बांधायची दोरी) बोर्डएवढी लांब असू द्या, आखूड असली तर पडल्यावर बोर्ड तोंडावरच परत येतो.

तर फिनचं काय केलं? १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियन सर्फर सायमन अँडरसनने तीन फिनच्या बोर्डवर तिथल्या बेल्स बीचची स्पर्धा जिंकली, त्याआधी बहुतेक लोक एका नाहीतर दोन फिनवरच सर्फ करत होते की. म्हटलं आपल्याला कुठे स्पर्धेला जायचंय. उजवा फिन पण काढला, मधला तेवढा ठेवला, रिकामी भोकं दोन दिवस सुकवून सिलिकॉनने बुजवली. आणि खरं सांगू, सरळ जाताना फरकच कळत नाही. तिरकं कापायला गेलं की टेल सुटते, पण छोट्या लाटांत तेही चालून जातं. उजव्या फिनचे स्क्रू स्पेअर म्हणून ठेवलेत, एका सेटचे पैसे वाचले.

घ्यायचा असेल तर जरूर घ्या, फक्त आधी बोर्ड उलटा करून फिन हाताने हलवून बघा. हलला तर दुसरा पीस मागा. आणि प्रत्येक वेळी पाण्यात शिरायच्या आधी सहाही स्क्रू नाण्याने चेक करा, टेकले की थांबायचं, जोर लावायचा नाही.